नकाशाचा डेटा घेताना, देताना आणि त्याचे पैसे मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघे नकाशाचे काम करतो. मुंबईतले नाले, वस्त्या, बसथांबे, गल्ल्यांची मराठी नावे यांचे थर, म्हणजे एकेका विषयाचा वेगळा नकाशा-डेटा, आम्ही तयार करतो. त्यातले काही फुकट देतो, काही विकतो. सोसायटीचे सचिव, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते, घरपोच डबे देणाऱ्या ताई अशा सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे लोकांचे पैसे किंवा श्रम वाया जाताना पाहिले, तिथे उत्तर लांबले आहे.

मोबाईलवर नकाशा फुकट दिसतो. मग डेटाचे पैसे कशाचे?

मोबाईलवर दिसते ते चित्र. डेटा म्हणजे त्या चित्रामागचे आकडे: रस्त्याच्या प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश, त्याचे नाव, तो एकदिशा आहे की नाही, ही नोंद कोणी आणि कधी केली. चित्रावर बोट ठेवून घर दाखवता येते. पण ‘नाल्यापासून पन्नास मीटरच्या आत किती घरे आहेत’ हे चित्राला विचारता येत नाही, डेटाला येते.

पैसे पायपिटीचे असतात. गिरगावातल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की फोनचा जीपीएस शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मग कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यापासून पावले मोजावी लागतात. मेट्रोच्या कामासाठी रस्ता वळवला की पुन्हा जावे लागते, काम संपून रस्ता मोकळा झाला की आणखी एकदा. मोजणे, तपासणे, ताजे ठेवणे आणि चूक निघाली तर फोन उचलणे, एवढ्याची ती किंमत आहे. विकणारा यातले काहीच करत नसेल तर त्याला पैसे देऊ नका.

विकत घेण्याआधी फुकट काय मिळते?

बरेच काही. आमच्याकडे येण्याआधी हे बघून घ्या, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ पासूनची संस्था. तिच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट (उंचसखलपणा, नद्या, रस्ते, गावे दाखवणारे सरकारी नकाशे) पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. राज्य आणि जिल्ह्यांच्या हद्दीही तिथेच घ्याव्यात. देशाची बाह्य सीमा तर तिथूनच घ्या, कारण ती चुकीची दाखवणे हा आपल्याकडे गुन्हा ठरू शकतो. परदेशी संकेतस्थळावरून सरसकट उतरवलेली सीमा पुस्तकात किंवा अॅपमध्ये टाकू नका.

इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. उपग्रहचित्रे उतरवायला ‘भूनिधी’ आहे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रे, म्हणजे ज्यांतला एक ठिपका जमिनीवर किमान पाच मीटर लांब-रुंद असतो अशी, सर्वांना मोफत आहेत. त्याहून बारीक चित्रांना सरकारी खात्यांखेरीज इतरांना पैसे पडतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची दहा मीटरची चित्रे आणि अमेरिकेच्या लँडसॅटची तीस मीटरची चित्रेही मोफत आहेत. लँडसॅटची २००८ पासून.

रस्ते, इमारती, दुकाने, शाळा यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा. त्याचा भारताच्या पश्चिम विभागाचा तयार गठ्ठा जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावर मिळतो, त्यात मुंबई येते. केंद्र सरकारच्या डेटा पोर्टलवरचे संच २०१७ च्या सरकारी खुल्या परवान्याखाली वापरता येतात. स्रोताचा उल्लेख करायचा एवढीच मुख्य अट.

महापालिकेच्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) पोर्टलवर आणि विकास आराखडा २०३४ च्या पानांवरही पुष्कळ काही दिसते. मात्र ‘दिसते’ आणि ‘उतरवून घेता येते’ यांत फरक आहे.

दिसते पण उतरवता येत नाही, अशा सरकारी डेटाचे काय करायचे?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क. पण अर्जात ‘शेपफाइल किंवा केएमएल स्वरूपात, सीडीवर अथवा ईमेलने’ असे स्पष्ट लिहा; हे नकाशाच्या डेटाच्या फाइलींचे प्रकार आहेत. २००५ च्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळण्याचा हक्क आहे. आम्ही पहिल्यांदा नुसते ‘नाल्यांचा नकाशा’ असे लिहिले, तर एका कार्यालयाने चार तुकड्यांत झेरॉक्स दिली. तिच्यावरून रेषा पुन्हा काढण्यात आमचा अख्खा महिना गेला. डेटा त्याच कार्यालयाच्या संगणकात होता.

हे आम्हाला मनापासून खटकते. नाला मोजायला मुंबईकराने कराच्या रूपाने एकदा पैसे दिले आहेत. तीच रेषा आमच्यासारख्याने पुन्हा काढायची आणि आम्ही ती त्याच मुंबईकराला विकायची, यात कोणाचाच फायदा नाही. म्हणून झेरॉक्सवरून काढलेले थर आम्ही कधीच विकत नाही. ते फुकटच्या यादीत आहेत.

२०२१ पासून नकाशे काढायला परवानगी लागत नाही म्हणे?

बरोबर आहे, पण अर्धे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय व्यक्ती, कंपन्या आणि संस्थांना नकाशाचा डेटा गोळा करायला, साठवायला, वाटायला आणि विकायला पूर्वपरवानगी किंवा परवाना लागणार नाही, असे त्यात आहे. आमच्यासारखी तीन माणसांची जागा आज उघडपणे चालते ती यामुळे.

दोन कुंपणे मात्र आहेत. आडव्या मोजमापात एक मीटर आणि उभ्यात तीन मीटर ही अचूकतेची सीमा. त्याहून बारीक डेटा फक्त भारतीयांनी तयार करायचा आणि तो देशातच साठवायचा. परदेशी कंपनीला तो हवा असेल तर फाइल देता येत नाही, एपीआयमधून (एका प्रोग्रामने विचारायचे आणि दुसऱ्याने तेवढेच उत्तर द्यायचे, अशी जोडणी) सेवा देता येते, आणि तीही डेटा तिच्या सर्व्हरवरून जाणार नाही अशा पद्धतीने. म्हणून आमच्याकडून बारीक डेटा घेणाऱ्यांना आम्ही सर्व्हर कुठे आहे हे विचारतो. दुसरे कुंपण संवेदनशील गोष्टींचे. अशी ठिकाणे आणि त्यांची कोणती माहिती नकाशावर द्यायची नाही याची यादी सरकार ठरवते. मुंबईत नौदलाच्या जागा आहेत, अणुसंशोधनाच्या आहेत. कुंपणाच्या आत काय आहे ते आम्ही काढत नाही आणि मागितले तरी देत नाही.

सार्वजनिक पैशातून तयार झालेला डेटा, सुरक्षा यंत्रणांचा गोपनीय भाग सोडून, सर्व भारतीयांना सहज मिळावा हेही त्याच तत्त्वांमध्ये लिहिले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला हे वाक्य जोडा.

ड्रोन उडवून आमच्या वस्तीचा नकाशा काढता येईल का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल रंगात आहे ते बघा. विमानतळ आणि संरक्षण खात्याच्या जागांमुळे मुंबईत परवानगीशिवाय उडवता येईल अशी जागा मिळणे अवघड आहे.

दहा मीटरचे फुकटचे उपग्रहचित्र मुंबईसाठी पुरते का?

खारफुटी, तलावांची पातळी, आरेतली हिरवळ यांसाठी छान पुरते. दर पाच दिवसांनी नवे चित्र येते, पावसाळ्यातले ढग सोडले तर. वस्तीसाठी पुरत नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. चित्रातला एक ठिपका शंभर चौरस मीटरचा. म्हणजे नऊ खोल्या मिळून एक ठिपका. घरे मोजायची असतील तर अर्ध्या मीटरच्या आसपासचे चित्र विकत घ्यावे लागते. ते क्षेत्रफळावर विकतात आणि बहुतेक ठिकाणी कमीत कमी किती चौरस किलोमीटर घ्यायचे याची अट असते. दोन-तीन संस्थांनी मिळून एक चित्र घ्यायचे असेल तर परवान्यात सगळ्यांची नावे सुरुवातीलाच घाला. नंतर घालायला गेले की पुन्हा पैसे पडतात.

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विकता येतो का? तो तर फुकट आहे.

येतो. २०१२ पासून तो ओडीबीएल या परवान्याखाली आहे. पैसे घेऊन विकायला त्यात बंदी नाही. अटी दोन. ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असा उल्लेख दिसेल अशा जागी करायचा. आणि त्या डेटात भर घालून नवा डेटासंच केला व तो बाहेर दिला, तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. नुसता छापील नकाशा किंवा पोस्टर काढले तर पोस्टर तुमचे. उल्लेख तेवढा करा.

इथे सर्वांत जास्त फसवणूक होते. एका संस्थेने ‘मुंबईच्या सर्व शाळा व दवाखाने’ असा संच दुसरीकडून विकत घेतला आणि आमच्याकडे तपासायला आणला. त्यात माहीमच्या एका दवाखान्याच्या नावातली शुद्धलेखनाची चूक होती. ती चूक मी स्वतः ओपनस्ट्रीटमॅपवर केली होती आणि नंतर सुधारलीही होती. म्हणजे विकणाऱ्याने जुना गठ्ठा उतरवला, उल्लेख पुसला आणि बिल लावले. संस्थेने पैसे मोजले ते फुकट मिळणाऱ्या, त्यातही शिळ्या मालाचे. म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: स्रोत कोणता, शेवटची तपासणी कधीची, परवाना कोणता. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

गूगल मॅपवर बघून रेषा काढल्या तर चालते का?

नाही. त्यांच्या अटींमध्ये असे गिरवणे, साठवणे आणि घाऊक उतरवणे मना आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा कलाकृतीत मोडतो हेही लक्षात ठेवा. तुमची वस्ती तुमचीच आहे, पण त्यांनी काढलेले चित्र त्यांचे आहे. गिरवायचेच असेल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात ज्या उपग्रहचित्रांना तशी परवानगी दिलेली आहे ती वापरा. किंवा जुनी टोपोशीट घ्या. सरकारी प्रकाशनांवरचा कॉपीराइट साठ वर्षांनी संपतो. जुन्या मिलच्या हद्दी आणि बुजवलेले तलाव शोधायला या जुन्या शीटइतके मोलाचे काही नाही.

तुमच्या नकाशावरून आमच्या जागेची हद्द ठरेल का?

नाही. आमच्या काय, कुठल्याही ऑनलाइन नकाशावरून ठरणार नाही. हद्दीसाठी भूमि अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज करायचा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यायची. शहरात सिटी सर्व्हे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड लागते, गावाकडच्या जमिनीला सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. नुसता बघायचा असेल तर फुकट. महाभूनकाशावरची गटाची आकृती अंदाजाला चांगली आहे. शेजाऱ्याशी वाद घालायला ती नेऊ नका.

‘वॉर्डचा नकाशा द्या’ म्हटले की तुम्ही उलट प्रश्न का विचारता?

कारण मुंबईत वॉर्ड म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. जी-उत्तर, के-पश्चिम हे पालिकेचे प्रशासकीय विभाग. नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग; ते २२७ आहेत. दोन्हींच्या हद्दी बदलत आल्या आहेत. एका निवडणुकीची आकडेवारी दुसऱ्या वर्षाच्या हद्दींवर टाकली तर नकाशा देखणा दिसतो आणि साफ चुकतो. म्हणून आमच्या प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष असते. ते काढून टाकू नका.

फाइल उघडली तर मुंबई नॉर्वेच्या समुद्रात दिसते!

अक्षांश आणि रेखांश उलटे पडले आहेत. मुंबई १९ उत्तर, ७२.८ पूर्व. जिओजेसन या प्रकारच्या फाइलीत आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा असतो. एक्सेलच्या तक्त्यात लोक उलटे लिहितात. स्तंभांची अदलाबदल करा, शहर जागेवर येईल.

सगळे साधारण शंभर मीटर सरकलेले दिसत असेल तर ते वेगळे दुखणे आहे. पृथ्वीचा आकार जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभाप्रमाणे धरतात, आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ प्रमाणे. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शीटला बरोबर संदर्भप्रणाली द्या. मीटरमध्ये मोजायचे असेल तर मुंबईसाठी ‘यूटीएम ४३ उत्तर’ ही प्रणाली निवडा.

मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे का येतात?

शेपफाइलमुळे. ती एक फाइल नसते, किमान तीन-चार असतात, आणि लोक त्यातली एकच पाठवतात. पूर्ण फोल्डर झिप करून पाठवा. त्यात सीपीजी नावाची छोटी फाइल असते, तिच्यात ‘यूटीएफ-८’ (अक्षरे साठवण्याची पद्धत) लिहिलेले हवे. तरीही शेपफाइलच्या एका रकान्यात २५४ बाइटच मावतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा, वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. हिशेब केला तर चौऱ्याऐंशी चिन्हे. ‘लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय’ एवढेच नाव लिहिले तर तीन-चतुर्थांश जागा संपते. पुढे पत्ता किंवा एखादी लांबलचक खूण लिहायला गेलात की ती अर्ध्यात कापली जाते. म्हणून आम्ही जिओपॅकेज या प्रकारात डेटा देतो. एकच फाइल, नावे पूर्ण.

व्हॉट्सअॅपवर नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात अक्षांश-रेखांश नसतात. जागेचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते.

आमच्या रस्त्यावर पाणी तुंबते. उंचीचा फुकट डेटा घेऊन नकाशा करता येईल का?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो आणि आम्ही दर वेळी सावध करतो. फुकट मिळणारा, सर्वांत जास्त वापरला जाणारा उंचीचा डेटा एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने तो मोजला. त्याच्या उभ्या अचूकतेची ठरवलेली मर्यादाच सोळा मीटर होती. प्रत्यक्षात तो बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगला आहे, पण रडारला दाट शहरात जमीन दिसत नाही, छपरे दिसतात. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी गुडघाभर की कंबरभर, हा फरक अर्ध्या मीटरचा. तो या डेटात शोधणे व्यर्थ आहे. मोठ्या डोंगरउतारासाठी, म्हणजे पवई किंवा भांडुपच्या टेकड्यांसाठी, तो ठीक आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाणी कुठवर आले हे अजून शेकडो घरांच्या भिंतींवर आणि हजारो लोकांच्या आठवणीत आहे. तुमच्या सोसायटीने फुटपट्टी घेऊन त्या खुणा मोजल्या, फोटो काढले, तर तो डेटा कुठल्याही विकतच्या मॉडेलपेक्षा तुमच्या रस्त्यासाठी खरा. तो आम्ही फुकट नकाशावर चढवून देऊ. खऱ्या पातळ्या हव्या असतील तर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचे उपकरण) असलेला सर्व्हेअर बोलवा. दोन सोसायट्यांनी मिळून खर्च केला तर जड जात नाही.

तुम्ही किंमत कशी ठरवता?

एका थरामागे किती दिवस फिरलो, किती दिवस तपासले आणि वर्षातून किती वेळा पुन्हा जावे लागेल, यावर. विद्यार्थ्यांना आणि वस्तीतल्या संघटनांना मागचे वर्ष फुकट, चालू वर्ष निम्म्यात. कंपन्यांना पूर्ण. पैसे भरण्याआधी कोणत्याही एका विभागाचा नमुना मागून घ्या, छापा आणि स्वतः त्या रस्त्याने चालून बघा. दहा नोंदींत दोन चुकल्या तर घेऊ नका.

पैसे कसे भरायचे?

यूपीआय किंवा बँकेतून. डिजिटल डेटावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल तर नंबर आधीच द्या, बिल झाल्यावर बदलायला वेळ जातो. परदेशी सेवेचे दरमहा पैसे कार्डावरून जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पंधरा हजारांवरच्या प्रत्येक हप्त्याला ओटीपी लागतो. तो दिला नाही तर सेवा मध्येच बंद पडते. वर्षाचे एकदम भरणे सोयीचे. नोंदणीकृत व्यावसायिकाला परदेशी सेवेवरचा जीएसटी स्वतः भरावा लागतो, हे तुमच्या सीएला सांगायला विसरू नका.

एपीआय घ्यावा की फाइल?

पत्ता शोधणे आणि वाट दाखवणे यांसाठी एपीआय, विश्लेषणासाठी फाइल. एपीआयचे पैसे प्रत्येक विनंतीवर लागतात. २०१८ मध्ये गूगलने दर बदलले तेव्हा बिलाची सोय न केलेल्या कितीतरी संकेतस्थळांवरचे नकाशे काळवंडले. ऑगस्ट २०२४ पासून भारतासाठी वेगळे, कमी दर आहेत आणि बिल रुपयांत येते. कोणाचाही एपीआय घ्या, पण पहिल्याच दिवशी तीन कामे करा: रोजची मर्यादा घाला, बिलाची सूचना लावा आणि चावी, म्हणजे एपीआय वापरायला मिळालेला तुमचा गुप्त क्रमांक, फक्त तुमच्या संकेतस्थळापुरती बांधून ठेवा. चावी उघड्या कोडमध्ये राहिली तर दुसऱ्याच्या वापराची बिले तुम्ही भराल. डबे देणाऱ्या एका ताईंचा महिन्याचा नफा असा गेला होता.

ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या सर्व्हरवरून नकाशाच्या चित्रांचे तुकडे घाऊक उतरवू नका. तो देणग्यांवर चालतो.

विकत घेतलेली फाइल मित्राला देऊ का?

बिलावरचा परवाना बघा. आमच्या विकतच्या फाइली तुमच्या संस्थेपुरत्या आहेत. त्यांवरून काढलेला नकाशा, अहवाल, बातमी कोणालाही द्या.

आम्ही वस्तीत फिरून डेटा गोळा केला आहे. तो सगळ्यांना द्यायचा आहे. काय सांभाळायचे?

आधी माणसे. घरक्रमांकाशेजारी नाव, फोन, आजार, भाडेकरू की मालक असे काही असेल तर ते काढून टाका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायला हवे. पुनर्वसनाला पात्र ठरू की अपात्र या धास्तीत जगणाऱ्या वस्तीत घराच्या ठिपक्यावर मजल्यांची संख्या लिहिली तर तिचा उपयोग कोण कसा करेल हे आपल्या हातात राहत नाही. अशी माहिती गल्लीच्या पातळीवर एकत्र करून द्या. आणि डेटा बाहेर देण्याआधी नकाशा वस्तीतच भिंतीवर लावा. कोळीवाड्यात आम्ही हे केले तेव्हा जाळी सुकवण्याच्या जागा आम्ही ‘मोकळा भूखंड’ म्हणून दाखवल्या होत्या. आजींनी अर्ध्या तासात आठ ठिकाणी दुरुस्त्या केल्या.

मग परवाना. काहीच लिहिले नाही तर डेटा खुला होत नाही, उलट कोणालाच वापरता येत नाही. उल्लेख पुरेसा असेल तर सीसी बाय ४.०, कशाचीच अपेक्षा नसेल तर सीसी झिरो. सोबत साध्या मराठीत एक पान जोडा: कोणी, कधी, कशाने मोजले, काय मोजायचे राहिले.

आमच्या पाखाडीचे नाव सगळीकडे चुकीचे आहे. कोणाला सांगायचे?

स्वतः बदला. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडा, पाखाडी निवडा आणि मराठी नावाच्या रकान्यात लोक म्हणतात ते नाव देवनागरीत लिहा. जुने नाव काढून टाकू नका, त्याला वेगळा रकाना आहे. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी २०१८ मध्ये झाले, तरी जुन्या नावाने शोधणारी माणसे अजून आहेत. संगणक नसेल तर पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या पाटीचा फोटो आम्हाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाटी नसेल तर तिथे राहणाऱ्या दोघांना नाव उच्चारायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. शनिवारी दुपारी आम्ही हेच काम करतो, त्याचे पैसे नाहीत.